गोल पत्त्यांच्या गावी

मुलांनो, लाकडाचं केळं सोलायचा प्रयत्न तुमच्यापैकी कुणी केलाय का? माझ्या भाचीने केला. तोही भर बाजारात, दुकानदाराच्या समोर!

ही गोष्ट मे महिन्यातली. मी, माझी दुसरीतली भाची आणि नववीत जाणारे आमचे भाचेबुवा, असे तिघे ठाण्याहून रात्रीच्या कोकणकन्येने निघालो आणि सकाळी सावंतवाडीच्या स्टेशनवर उतरलो. स्टेशन गावापासून जरा लांब आहे. रिक्षा वळणावळणाने गावात शिरली आणि समोर एकदम मोठ्ठं तळं आलं. हा मोती तलाव. १८७४ साली बांधलेला. तळ्याच्या एका अंगाला जांभ्या दगडाचा राजवाडा, दुसऱ्या अंगाला बाजार आणि मध्ये शांत हिरवं पाणी.

हातपाय धुऊन, घावन-चटणी खाऊन आम्ही थेट चितार आळीत गेलो. या आळीत लाकडी खेळण्यांची दुकानं ओळीने मांडलेली आहेत. भातुकलीतलं जातं, चूल, पोळपाट-लाटणं, भोवरे, बैलगाड्या, पाळणे, पाट आणि चौरंग. आणि फळं! आंबे, केळी, सीताफळं, काजूची बोंडं, अगदी फोडलेला फणससुद्धा. मे महिना असल्यामुळे शेजारी खऱ्या आंब्यांची टोपलीही होती. खरा कुठला नि खोटा कुठला, हे लांबून कळेना. छोटीने पिवळंधमक केळं उचललं आणि देठापासून सोलायला सुरुवात केली.

"गो बाय, ह्या केळा खावचा नाय, बघूचा!" दुकानदारकाका हसून म्हणाले.

छोटी लाजली. मग तिने ते केळं उलटंसुलटं करून नीट पाहिलं. सालीवरचे तपकिरी ठिपके, देठाजवळचा हिरवटपणा, सगळं जिथल्या तिथे. काकांनी सांगितलं, "लाकूड आधी तासायचं. मग खळगे, भेगा लाकडाच्या भुशाच्या लुकणाने बुजवायच्या. घासून गुळगुळीत करायचं, पांढऱ्या रंगाचा हात द्यायचा आणि मग रंगवायचं." पूर्वीपासून पांगाऱ्याचं लाकूड इथे खेळण्यांसाठी वापरतात. ते वजनाला हलकं आणि कोरायला मऊ असतं.

भाचेबुवा मात्र गप्प होते. दुकानाच्या पायरीवर बसून रस्त्याकडे पाहत होते. त्याचं कारण मला ठाऊक होतं. आठवीत त्यांनी एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेला बसायचं ठरवलं होतं. वर्षभर रविवार घालवले. संकल्पचित्राच्या पेपरात वर्तुळ आलं, आणि त्या वर्तुळात यांचा हात असा काही थरथरला, की सगळं चित्र फराटलं. निकाल लागला तेव्हा यादीत नाव नव्हतं. त्या दिवसापासून रंगपेटी माळ्यावर गेली. "माझ्याकडे हातच नाही," असं म्हणून विषय बंद! या सहलीलाही ते आले ते समुद्र पाहायला मिळेल या आशेने. आता सावंतवाडीच्या बाजारात समुद्र कुठला?

राजवाड्यातले पत्ते

दुपारी राजवाड्यात गेलो. दरबाराच्या मोठ्या दालनात काही कलाकार मांडी घालून बसलेले. समोर रंगांच्या वाट्या, हातात केसासारखा बारीक ब्रश आणि डाव्या हाताच्या बोटांत एक गोल चकती. चकती म्हणजे पत्ता! आपले पत्ते चौकोनी. हे चक्क गोल. यांचं नाव गंजिफा.

गंजिफाचा खेळ इराणकडून आपल्याकडे आला. बाबर बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय, की १५२७ साली त्याने सिंधच्या शाह हसनला गंजिफाचे पत्ते भेट म्हणून पाठवले. आपल्याकडे आल्यावर या खेळाने इथले कपडे घातले. पत्त्यांवर विष्णूचे दहा अवतार आले आणि दशावतारी गंजिफा तयार झाली.

आपल्या कॅटमध्ये ५२ पत्ते आणि चार रंग. दशावतारी गंजिफात १० अवतारांचे १० रंग आणि प्रत्येक रंगाचे १२ पत्ते. एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत आकडे. करा बरं हिशेब! १२० पत्ते. मत्स्यावताराच्या पत्त्यांवर मासे, कूर्माच्या पत्त्यांवर कासवं, परशुरामाच्या पत्त्यांवर परशू, रामाच्या पत्त्यांवर बाण. म्हणजे मत्स्याची पंजी म्हणजे पाच मासे. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही खेळता यावं अशी सोय! खेळाचे नियमही गमतीचे आहेत. अर्ध्या रंगांत राजा-प्रधानाच्या खालोखाल दहाचा पत्ता मोठा, तर उरलेल्या अर्ध्यांत एक्का मोठा. डाव दिवसा मांडला तर पहिली उतारी रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याची, आणि रात्री मांडला तर कृष्णाचा राजा असेल त्याची.

"म्हणजे खेळायच्या आधी खिडकीबाहेर बघायचं!" छोटी म्हणाली.

श्रीमंत दरबारांमध्ये हस्तिदंतावर रंगवलेले पत्ते असत. साध्या लोकांचे पत्ते कापडाचे नाहीतर कागदाचे. जुन्या मऊ कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवायचे, वर पांढरा थर द्यायचा, गुळगुळीत दगडाने घोटायचं, गोल कापायचं, रंगवायचं आणि शेवटी लाखेचा हात द्यायचा. लाखेमुळे खेळणाऱ्यांच्या घामट हातांनी रंग जात नाही. पाठीचा रंग सगळ्या पत्त्यांचा एकच. नाहीतर समोरच्याला आपलं पान कळायचं!

मग छापखान्यातले स्वस्त चौकोनी पत्ते आले. चार पैशांत कॅट मिळू लागल्यावर महिनोन्‌महिने रंगवलेली गंजिफा कोण घेणार? हळूहळू मागणी आटली. मागणी आटली तसे रंगवणारेही कमी झाले. १९७०च्या आसपास सावंतवाडीत ही कला जाणणारे अगदी मोजके म्हातारे कारागीर उरले होते. त्यांतले एक पुंडलिक चितारी. तेव्हाचे राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी त्यांना वाड्यात बोलावलं आणि काय केलं असेल? नुसते पत्ते विकत घेतले नाहीत. त्यांच्यासमोर स्वतः शिकायला बसले! मग गावातली आणखी तरुण मुलंमुली शिकायला बसली. राजेसाहेब, राणीसाहेब आणि चितारीबुवा, तिघंही आता हयात नाहीत. पण त्या दालनात आज जे कलाकार ब्रश धरून बसतात, ते या साखळीतले.

मी मुलांना म्हटलं, "विचार करा, पुंडलिकबुवा कुणाला न शिकवताच गेले असते तर?"

भाचेबुवा म्हणाले, "पत्ते तर कपाटात राहिलेच असते ना. ते बघून काढता आले असते."

मी काही बोलले नाही. याचं उत्तर त्यांना दुसऱ्या दिवशी मिळायचं होतं.

गोल काही जमेना

माझ्या एका मैत्रिणीच्या ओळखीचे एक आजोबा बाजाराजवळच राहतात. वय सत्तरीपुढचं. घराच्या पडवीत बसून अजूनही रंगकाम करतात. मुलांना थोडंसं शिकवाल का, असं मी आधीच विचारून ठेवलं होतं.

"खंयसून इलात? बसा, बसा," आजोबा म्हणाले. मालवणी बोली कानाला कशी गोड लागते! कोकमाचं सरबत झाल्यावर त्यांनी भाचेबुवांकडे पाहिलं. "काय झिला, चित्रां काढतंस?"

"नाही. मला येत नाही."

"कोणी सांगल्यान?"

"परीक्षेने."

आजोबा खो-खो हसले. "परीक्षेक हात असतत काय?"

त्यांनी दोघांसमोर एकेक कोरी चकती ठेवली. आधी जमिनीचा रंग भरायचा, म्हणजे पाठीमागचा रंग. तो वाळला की कडेने पिवळं वर्तुळ. मग आतली आकृती सपाट रंगात, आणि सगळ्यात शेवटी काळ्या रंगाने बारीक रेघा, डोळे, खवले. पेन्सिल नाही, कंपास नाही. आजोबांनी एक चकती हातात घेतली आणि बघता बघता कडेने असं गोल वर्तुळ काढलं, की जणू बांगडीच ठेवली!

छोटीने लगेच ब्रश बुडवला. तिचं वर्तुळ बटाट्यासारखं झालं. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. तिने त्या बटाट्यात मासा काढला, माशाला पापण्या काढल्या आणि वर कपाळाला टिकली लावली. आजोबा म्हणाले, "मत्स्याची राणी!" झालं, छोटी खूश!

भाचेबुवांनी मात्र श्वास रोखला. ब्रश कडेला टेकवला. मनगट वळवलं. पाव वर्तुळ बरं आलं, पुढे मनगट अडकलं, कोपर उचललं, आणि ब्रश घसरला. पुसलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पिवळा रंग लाल रंगात मिसळून चिखल झाला. कान लालबुंद झाले. मला वाटलं, आता हे उठून जाणार.

"भियतस कित्याक?" आजोबांनी हळूच विचारलं. त्यांनी पुन्हा एक चकती घेतली आणि पुन्हा वर्तुळ काढून दाखवलं. सावकाश. काही बोलले मात्र नाहीत.

भाचेबुवांनी डोळे फाडून पाहिलं. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा बटाटा!

चिखल झालेली चकती त्यांनी खिशात कोंबली आणि म्हणाले, "मावशी, मी जरा बाहेर जातो."

लाखेची कांडी

बाहेर म्हणजे शेजारच्या घरी. तिथे लेथ चालू होतं. लाकूड गोल फिरवून कातणाऱ्या माणसाला आपल्याकडे कातारी म्हणतात. पूर्वी लेथ दोरीने ओढून फिरवत. आता वीज आली. कातारीकाका भोवरे करत होते. फिरणाऱ्या लाकडाला पटाशी लागली की चर्र आवाज करत भुश्शाची कारंजी उडत होती आणि पाहता पाहता ओबडधोबड तुकड्याला पोट आणि कंबर फुटत होती.

यंत्र पाहून भाचेबुवांचा चेहरा जरा उजळला. पटाशी मुलांच्या हातात द्यायची नाही, हा काकांचा नियम. अगदी बरोबर नियम आहे तो. पण रंग द्यायची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "ये, हात लाव माझ्या हाताला."

रंग म्हणजे डब्यातला रंग नव्हे हं! लाखेची कांडी. लाख कुठून येते माहीत आहे ना? पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे बारीक किडे राहतात. त्यांच्या अंगातून जो चिकट रस पाझरतो, तो वाळला की लाख. ती स्वच्छ करून, रंग घालून तिच्या कांड्या करतात. या कांडीला ब्रश नको आणि पाणीही नको. ती फिरणाऱ्या लाकडावर दाबायची. घासून लाकूड तापतं, त्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडाला चिकटते.

ऐकायला किती सोपं! भाचेबुवांनी कांडी हलकी धरली, तर लाख लागेचना. जोरात दाबली, तर लाखेच्या गुठळ्या झाल्या. काकांनी त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. "डोळ्यांनी बघू नको. बोटाला काय कळतंय ते बघ. लाख वितळायला लागली की कांडी हातात मऊ लागते."

तीन-चार वेळा झाल्यावर भाचेबुवा एकदम ओरडले, "कळलं! आत्ता मऊ झाली!" भोवऱ्याच्या पोटावर लाल पट्टा उमटला होता. मग काकांनी केवड्याच्या पानाची घडी घेऊन पट्ट्यावर दाबली. लाख सारखी पसरली आणि भोवरा आरशासारखा चमकू लागला.

पट्टा कसा होता? एकदम गोल. कुठेही वाकडा नाही. भाचेबुवा भोवऱ्याकडे टक लावून बघत राहिले.

"काका, मी तर हात हलवलाच नाही."

"मग? लाकूड फिरतं, हात कशाला फिरवायचा?"

दोन सेकंद शांतता. आणि मग भाचेबुवा जे धावत सुटले, ते थेट आजोबांच्या पडवीत! मी आणि छोटी मागोमाग.

"आजोबा, तुम्ही परत एकदा गोल काढा ना!"

आजोबांनी काढला. यावेळी भाचेबुवांनी ब्रशकडे पाहिलंच नाही. ते पाहत होते आजोबांच्या डाव्या हाताकडे. उजवा हात गुडघ्यावर टेकून दगडासारखा स्थिर होता. डाव्या हाताची बोटं मात्र चकती हळूहळू, एकसारखी फिरवत होती. चाकासारखी. लेथसारखी!

"मी नुसता ब्रशच बघत होतो," भाचेबुवा म्हणाले. "डावा हात बघितलाच नाही!"

"आजोबा, मग तुम्ही आधीच का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"सांगान तुका कळात, हाताक कळूचा नाय," आजोबा म्हणाले. सांगून तुला कळेल, पण हाताला कळणार नाही.

आणि ते खरंच होतं. युक्ती कळल्यावर पहिलं वर्तुळ लगेच सुरेख आलं असेल, असं वाटतंय ना तुम्हाला? मुळीच नाही! डाव्या हाताला एकसारखं फिरायची सवय नव्हती. दुसरं थोडं बरं आलं. पाचवं आणखी बरं. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा सातवी चकती हातात होती. तिच्यावर एक पिवळं वर्तुळ, त्यात एक निळा मासा. वर्तुळ एका जागी जरासं जाड होतं. पण गोल होतं!

त्या एका पत्त्याला दोन तास लागले. भाचेबुवांनी हिशेब केला. "१२० पत्ते म्हणजे २४० तास. रोज सहा तास बसलो तर ४० दिवस! बाप रे!"

आजोबांना हिशेब आवडला. ते म्हणाले, "बघूक सगळी येतत. फोटो काढतत. बसूक कोण येणा नाय." त्यांचा स्वतःचा मुलगा गोव्यात हॉटेलात नोकरीला आहे. पगार बरा आहे, महिन्याच्या महिन्याला मिळतो. आजोबांची त्याबद्दल तक्रार नव्हती. फक्त रंगांच्या वाट्या झाकून ठेवताना ते जरा थांबले, एवढंच.

रात्री तळ्याकाठी भेळ खाताना भाचेबुवा आपणहून म्हणाले, "मावशी, कपाटातले पत्ते बघून काढता आले नसते. पत्त्यात डावा हात दिसतच नाही."

काळी बाहुली, रंगीत सावली

दुसऱ्या दिवशी लाल एसटीने कुडाळच्या वाटेवर पिंगुळीला उतरलो. या गावात ठाकर समाजाचे कलाकार पिढ्यान्‌पिढ्या राहतात. कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी या त्यांच्या कला. परशुराम गंगावणे यांनी इथे आपल्या गुरांच्या गोठ्यातच या कलांचं संग्रहालय उभं केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोठ्यातून पद्मश्री! छोटीला ही गोष्ट फार आवडली.

चित्रकथी म्हणजे चित्रं दाखवत सांगितलेली कथा. रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर रंगवायचे, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवायची आणि असा सगळा गठ्ठा झाला की ती पोथी. सांगणारा एकेक चित्र पुढे धरतो आणि गाऊन कथा सांगतो. सिनेमा नव्हता, टीव्ही नव्हता तेव्हा हाच सिनेमा! चित्रांतल्या माणसांचे डोळे टपोरे, मोठेमोठे. रात्री देवळात दिव्याच्या उजेडात मागे बसलेल्यालाही दिसायला हवेत ना!

तिथे एका दादाने आम्हाला चामड्याची बाहुली हातात दिली. नुसती पाहिली तर काळपट, मळकी, जाळीदार. छोटीने नाक मुरडलं. मग दादाने पडद्यामागे दिवा लावला आणि बाहुली पडद्याला टेकवली. अहाहा! काळपट चामड्यातून लाल, तांबूस रंग झिरपू लागले आणि एकेका भोकातून उजेडाचे मणी उमटले. मुकुट, बाजूबंद, गळ्यातली माळ, सगळे दागिने म्हणजे नुसती भोकं! कागदावर आपण दागिना काढतो. चामड्यावर तो काढून टाकायचा, म्हणजे उजेडच दागिना होतो.

भाचेबुवांनी दादाला पहिला प्रश्न काय विचारला असेल? "भोक पाडताना तुम्ही दुसरा हात कुठे ठेवता?"

मी मनात म्हटलं, चला, डोळा तयार झाला!

घरी करून पाहा

मुलांनो, सावंतवाडीला जाल तेव्हा जाल. पण गंजिफाचा एक पत्ता घरीही करता येईल. जुन्या लग्नपत्रिका प्रत्येकाच्या घरी असतात. त्यावर आईची बांगडी ठेवून गोल आखा आणि एकाच मापाच्या तीन चकत्या कापा. मूठभर चिंचोके भाजून त्यांची टरफलं काढा, रात्रभर भिजत घाला, सकाळी वाटा आणि पाणी घालून शिजवा. चांगली चिकट खळ होते. गॅसपाशी मोठं माणूस हवं, बरं का! घोंगडी विणणारेही सुताला हीच खळ देतात. ती नाही जमली तर कणकेची खळ चालेल. तिन्ही चकत्या एकमेकींवर चिकटवा आणि जाड पुस्तकाखाली दोन दिवस दाबून ठेवा. नाहीतर पापडासारख्या वाकतील. मग पांढऱ्या रंगाचा हात द्या, वाळू द्या आणि काचेच्या गोटीने किंवा गुळगुळीत दगडाने घोटा. आता जमिनीचा रंग, मग कडेचं वर्तुळ. ब्रशचा हात टेकवून स्थिर ठेवा आणि चकती फिरवा.

पहिला पत्ता बिघडेल. दुसराही. तो टाकू नका. मागे तारीख लिहून ठेवा. पुढच्या पत्त्यांशी ताडून पाहताना त्याचा उपयोग होतो.

आणि आईबाबांनाही एक सांगते. मुलांनी शिकायला घेतलेलं काम पहिल्या तासात सुंदर दिसणार नाही. जमिनीवर रंग सांडेल, बोटं चिकट होतील. "दे इकडे, मी करून देते," असं म्हणायचा मोह होईल. तेव्हा पडवीतल्या आजोबांची आठवण काढा. ते तीन वेळा बिघडलेलं पाहत बसले, पण त्यांनी चकती भाचेबुवांच्या हातातून काढून घेतली नाही.

कुडाळ स्टेशनवरून रात्रीची गाडी धरली. छोटी लाकडी केळं उशाशी घेऊन झोपली. भाचेबुवा खिडकीशी बसले होते. त्यांनी खिशातून दोन चकत्या काढल्या. एक चिखल झालेली, एक निळ्या माशाची. बराच वेळ दोन्ही शेजारी शेजारी धरून पाहत राहिले. समुद्र पाहायचा राहिला, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

घरी गेल्यावर माळ्यावरून रंगपेटी खाली आली. यंदा एलिमेंटरीचा फॉर्म भरलाय. निकाल काय लागेल ते मला माहीत नाही, त्यांनाही नाही. पण परवा आजोबांना पोस्टाने एक पाकीट गेलं. त्यात मत्स्यावताराची दुरी होती. दोन निळे मासे, आणि भोवती पिवळं वर्तुळ. मागे भाचेबुवांनी लिहिलं होतं: "दोन पत्ते झाले. ११८ राहिले. दिवाळीच्या सुट्टीत बसायला येऊ का?"